मनगटाला हात न लावता

बसा. पाठ टेकली तरी चालेल. हात मांडीवर सैल सोडा, पण नाडीवर बोट ठेवू नका. आता हृदयाचे ठोके आतून जेवढे जाणवतील तेवढेच मोजा. अंदाज नको. काहीच जाणवलं नाही तर शून्य म्हणा. त्यात कमीपणा नाही.

घाई नाही. मोजत राहा.

प्रयोगशाळेत हेच करायला सांगतात. छातीवरचे इलेक्ट्रोड खरे ठोके टिपतात आणि माणूस आपला आकडा सांगतो. इंग्लंडमध्ये सारा गारफिंकेल आणि ह्यूगो क्रिचली यांच्या गटाने ऑटिझम असलेल्या प्रौढांची अशी चाचणी घेतली. निष्कर्ष २०१६ साली आले. मोजणीत ही माणसं मागे पडली, पण ‘शरीरात काय चाललंय ते मला फार जाणवतं’ असं इतरांपेक्षा जास्त त्यांनीच सांगितलं. ज्यांच्यात ही तफावत मोठी, त्यांच्यात चिंताही जास्त होती. (गट लहान होता, आणि पुढच्या अभ्यासांचं यावर एकमत नाही.)

त्या तफावतीपाशी थोडं थांबा. आत काहीतरी उसळतंय हे पक्कं कळतं; काय, ते कळत नाही. भूक? भीती? लघवी? की ट्यूबलाइटची गुणगुण? उत्तर शोधू नका. न कळण्यातच थोडा वेळ बसून पाहा, आणि त्याच वेळी कुणीतरी ‘काय झालं, सांग ना’ म्हणून मागे लागलंय अशी कल्पना करा.

आता लक्ष तळहातांकडे. ताण वाढला की तिथे न दिसणारा घाम येतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. एमआयटीत रोझलिंड पिकार्ड यांच्या गटाने हे टिपणारे मनगटी पट्टे तयार केले. कोपऱ्यात गप्प बसलेलं मूल शांत दिसतं, तेव्हाही आलेख चढत असू शकतो. ‘आज छान बसला हं!’ ही शाबासकी मग जरा जपून द्यावीशी वाटते.

कपाळ सैल सोडा, जबडाही. मेंदूच्या लहरी मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. दात आवळले तरी त्या स्नायूंच्या विजेत बुडतात. म्हणून ईईजीची टोपी, चिकट जेल आणि वर ‘हलू नकोस’. ज्यांना स्पर्शच सोसत नाही, ते इथेच गळतात. मेंदूबद्दल हाती येतं ते बरंचसं टोपी सोसणाऱ्यांचं, हे मला खटकतं.

आणखी एक खटकतं: पट्टा एकाच्या मनगटावर, आलेख दुसऱ्याच्याच पडद्यावर. ब्रिटनमधल्याच एका चाचणीत हे वेगळं होतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ऑटिझम असलेले १२१ प्रौढ होते. त्यांतल्या एका गटाला स्वतःचे ठोके ओळखायला शिकवलं. मोजणी किती बरोबर आली, ते त्यांनाच सांगत गेले. तीन महिन्यांनी त्या गटाची चिंता दुसऱ्या गटापेक्षा कमी झालेली होती.