मूल्य : स्वाध्याय

आमच्या निपाणीत पुस्तकांचं दुकान म्हटलं की वह्या, गाईडं, कंपासपेट्या आणि जून महिन्यातली गर्दी. जरा वेगळं पुस्तक हवं असेल तर कोल्हापूर गाठायचं, नाहीतर बेळगाव. त्यामुळे माझ्या लहानपणी घरात आलेलं पुस्तक बहुधा कुणीतरी दिलेलंच असायचं. कुणाच्या व्रताच्या उद्यापनाला, कुठल्या पंचकल्याणकाला, कुणाच्या आजोबांच्या स्मरणार्थ वाटलेलं. पहिल्या पानावर देणाऱ्याचं नाव, आणि किमतीच्या जागी छापलेलं असायचं, ‘मूल्य : स्वाध्याय’. स्वाध्याय हे एखादं जुन्या काळचं नाणं असावं, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

गेल्या थंडीत मुंबईला लेकीकडे पंधरा दिवस राहिले. ती दोघं सकाळी कामावर जायची, आणि घरात बसून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातले डबे लावत बसायचा मला कंटाळा. म्हटलं, या वेळी देवदर्शन आणि समुद्र झाला, आता पुस्तकांची दुकानं बघायची. बी.ए.ला असताना आमच्या बाई फोर्टमधल्या स्ट्रँड बुक स्टॉलचं नाव घ्यायच्या. १९४८ साली एका सिनेमा थिएटरच्या आवारात छोट्याशा जागेत सुरू झालेलं ते दुकान. जायचं जायचं म्हणत मी वर्षं काढली आणि २०१८ साली ते बंद झालं. फाउंटनजवळचं किताबखाना मात्र पाहिलं. उंच छत, जुने खांब, बसून वाचायला जागा. २०२० च्या डिसेंबरात तिथं आग लागली होती, काही महिन्यांत दुकान पुन्हा उभं राहिलं. मी तासभर बसले, दोन पुस्तकं चाळली, एक घेतलं. कुणी ‘काय पाहिजे?’ म्हणून मागं लागलं नाही. आमच्याकडे साडीच्या दुकानातसुद्धा एवढी मोकळीक नाही.

दुसऱ्या दिवशी सी. पी. टँकला हिराबागेत गेले. हिराबाग आपल्या लोकांना धर्मशाळा म्हणून ठाऊक आहे. पण तिथंच हिंदी ग्रंथ कार्यालय आहे. नाथूराम प्रेमी या मध्य प्रदेशातून आलेल्या जैन पंडितांनी १९१२ साली हे काम सुरू केलं. त्यांच्या हिंदी ग्रंथमालेतलं पहिलं पुस्तक कुठलं, तर जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यावरच्या ग्रंथाचा महावीरप्रसाद द्विवेदींनी केलेला अनुवाद. पुढे त्यांनी जैन ग्रंथांचं केवढं तरी संशोधन केलं, पण सुरुवात अशी. मला हे फार आवडलं. मुंबईत अशा ठिकाणी आपलं गावही भेटतं. आपल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवायचे. त्यांनी संपादित केलेला प्रवचनसार १९३५ साली प्रसिद्ध झाला तो या मुंबईतूनच. सदलग्याहून निपाणीला बाजाराला येणाऱ्या बायका मी रोज पाहते, त्यामुळे ऊर जरा भरून आला हे खरं.

पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते माटुंग्याला घडलं.

किंग्ज सर्कलच्या बागेभोवती फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लावलेले असतात. इंजिनिअरिंगची, डॉक्टरकीची, इंग्रजी कादंबऱ्यांची चळत. रविवार होता, लेक बरोबर होती. ती नातवासाठी चित्रांची पुस्तकं शोधत होती आणि मी उगाच खाली वाकून कणे वाचत होते. दोन जाड इंग्रजी पुस्तकांच्या मधे एक मळकट, कापडी बांधणीचं पुस्तक दिसलं. ओढून काढलं तर रत्नकरंडक श्रावकाचार. मराठी अर्थासह.

आपल्या घरात ग्रंथाला पाय लागला तर तीनदा नमस्कार करायला लावतात. वाचायचं तर ठवणीवर ठेवून, वाचून झालं की वेष्टनात. आणि इथं जिनवाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांच्या उंचीवर. मी ते चटकन छातीशी धरलं. मग पहिलं पान उघडलं. १९७४ साल, म्हणजे भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचं वर्ष. दशलक्षण व्रताच्या उद्यापनानिमित्त कुणीतरी कुणाला तरी सप्रेम दिलेलं. खाली शाईनं एका बाईंचं नाव आणि सांगलीकडचं एक गाव. नाव मी इथं लिहीत नाही. आत पानोपानी पेन्सिलीच्या बारीक खुणा. आणि छापलेलं होतंच, मूल्य : स्वाध्याय.

दुकानदार म्हणाला, “सत्तर रुपया.”

लेक म्हणाली, “आई, ही फुकट वाटायची पुस्तकं. इथं छापलंय बघ. ह्याचे पैसे कसले घेतो हा?” तिनं त्यालाही हिंदीत तेच सांगितलं. तो काही चिडला नाही. म्हणाला, रद्दीवाल्याकडून किलोवर माल उचलतो, त्यातलं वाचण्यासारखं वाटतं ते बाजूला काढतो, बाकी लगद्याला जातं. “ये भी जा रहा था.” त्याला मराठी मजकूर कळत होता का, विचारायचं राहिलं. मी सत्तर रुपये दिले. मेथीच्या पेंडीला दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, तिथं तोंडातून शब्द काढला नाही. लेकीला वाटलं, आई धर्माच्या पुस्तकाचा मान राखतेय. तसं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी आमच्या सासूबाई गेल्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो. वर्षश्राद्धाची भानगड आपल्यात नाही, पण वर्षाच्या आत घराचं काम काढलं. माडीवरची त्यांची लाकडी पेटी मधे येत होती. तीत पुस्तकं, प्रगति आणि जिनविजयचे जुने अंक, पंचांगं, पूजापाठाच्या वह्या. गवंडी खाली ओरडत होता, सिमेंट भिजलं होतं, आणि रद्दीवाला नेमका दारात आला. मी पेटी त्याच्यापुढं रिकामी केली. ४३ किलो भरलं. पैसे कुठं खर्च झाले तेही आठवत नाही.

आत्तींचं शिक्षण चिकोडीकडे कानडी चौथीपर्यंत. लग्न होऊन आल्यावर मराठी वाचायला शिकल्या, पण लिहायच्या कानडी अक्षरांतच. मराठी ग्रंथाच्या समासात कानडी लिपीत मराठी शब्द. दुपारी सगळी निजली की माडीवर बसून त्यांचं हे चालायचं. काय लिहायच्या? मला कानडी अक्षर वाचता येतं. आठ-दहा वेळा तरी चहा घेऊन मी वर गेले असेन, पण वाकून कधी वाचलं नाही. आता वाचायचं म्हटलं तरी कुठून वाचणार?

म्हणून माटुंग्याला मी जे छातीशी धरलं ते त्या सांगलीकडच्या बाईंचं पुस्तक नव्हतंच मुळी.

परतीच्या गाडीत मी तेच उघडून बसले. दानाच्या प्रकरणात आचार्य समंतभद्रांनी चार दानांची चार उदाहरणं दिली आहेत. शास्त्रदानाला कौंडेश. श्लोकात नुसतं नाव येतं, गोष्ट टीकेत आहे. कुरुमरी गावातल्या गोविंद नावाच्या गवळ्याला झाडाच्या ढोलीत एक ग्रंथ सापडतो. तो त्याची पूजा करतो आणि पुढे पद्मनंदी मुनींना देऊन टाकतो. त्या पुण्यानं पुढच्या जन्मी तो कौंडेश नावाचा मोठा श्रुतज्ञानी मुनी होतो. ही गोष्ट मी प्रवचनात कितीदा ऐकली असेल. कधी मनात आलं नव्हतं की ढोलीत तो ग्रंथ ठेवला कुणी? की टाकला? गवळ्याला शास्त्रात ना अधिकार ना शिक्षण. पण त्यानं ढोलीतून काढला म्हणून तो पुढे गेला. फूटपाथवरच्या त्या माणसाला मी कौंडेश म्हणणार नाही, सत्तर रुपये घेतले त्यानं. पण लगद्याच्या वाटेवरून पुस्तक वळवण्याचे सत्तर रुपये जास्त नाहीत. शास्त्राला किंमत लावली असं नाही म्हणता येणार. त्याच्या वाकलेल्या पाठीची मजुरी म्हणा.

इथपर्यंत सोपं आहे. पुढचं मला सोडवत नाही.

गाडीत आधी बरं वाटलं. वाटलं, या बाईंचं पुस्तक मला मिळालं, तसं आत्तींचंही कुणाला तरी मिळालं असेल. आपल्याच कर्नाटकात दहाव्या शतकात दानचिंतामणी अत्तिमब्बेनं पोन्नाच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती ताडपत्रावर लिहवून वाटल्या. त्या हजारांतल्या किती घरांतल्या सुनांनी जपल्या असतील? दिलेल्या ग्रंथाला पाय फुटायचेच. मग माझ्या हातून काय वाईट झालं?

पण हा हिशेब आपल्या शास्त्रात बसत नाही. चांगलं घडलं तर ते उचलणाऱ्याचं पुण्य, माझं नाही. तत्त्वार्थसूत्रात बंधाची पाच कारणं सांगितली आहेत, त्यांत कषाय आणि प्रमाद वेगवेगळे मोजले आहेत. मला आत्तींचा राग नव्हता, पुस्तकांचा तिटकारा नव्हता. पैशाचा लोभ तर नव्हताच. म्हणजे कषायाच्या खात्यात टाकता येत नाही. नुसती बेपर्वाई. सिमेंट भिजलं होतं एवढंच. आचार्यांनी प्रमादाला स्वतंत्र जागा का दिली, हे बी.ए.ची पदवी आणि इतकी वर्षं प्रवचनं ऐकून कळलं नव्हतं.

आणि दुसरीही बाजू आहे. परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूवरच्या आसक्तीत असतो, असं आपण शिकतो. पेटी घरात होती तोवर मला तिची काही आसक्ती नव्हती. गेल्यावर जडली. आता कुठल्याही गावच्या रद्दीच्या दुकानापुढं माझे पाय थांबतात. हे आत्तींवरचं प्रेम की माझा बोजा उतरावा म्हणून चाललेला शोध? पेटी उद्या परत मिळाली तर मी ते समास वाचीन, की कुलूप लावून निवांत झोपीन? मला खात्री देता येत नाही.

घरी आल्यावर मनात आलं, नाव आहे, गाव आहे, हे पुस्तक त्या घरी पोचतं करावं. जाऊबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “पाठव की. पण त्यांची सून असंल ना घरात? तिला काय वाटंल?”

पाठवलं नाही. बस्तीत गुरुवारी दुपारी आम्हा बायकांचा स्वाध्याय असतो, तिथं नेलं. पहिलं पान उघडलं तेव्हा एकीनं विचारलं, “ह्या कोण?” माटुंग्याची हकीकत सांगितली. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, कसली ही घरं, कसल्या सुना, असंही कुणी म्हणालं. तेव्हा मला पेटीचं सांगावं लागलं. त्रेचाळीस किलोसकट सांगितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, “आमच्या मामंजींची मी चुलीला लावली होती. पावसाळा होता, लाकडं ओली होती.”

त्यांनी चष्मा पुसला आणि पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं. म्हणाल्या, आज मी वाचते.