मोडलेला नेम

दिवाळीनंतर थंडी पडू लागली, की माणसांना आपल्या देहाची आठवण होते. फराळाचे डबे तळाला गेलेले असतात, सदऱ्याच्या गुंड्या कुरकुरू लागलेल्या असतात; आणि मग कोणी पहाटे फिरायला जाण्याचा, कोणी बारा सूर्यनमस्कारांचा, कोणी गोड सोडण्याचा नेम धरतो. महिनाभराने पाहावे, तर यातले पुष्कळ नेम मोडलेले असतात. आपण म्हणतो, 'निश्चयच कच्चा होता!' मला मात्र वाटते, की बहुधा तो फाजील कडक होता.

जूनमध्ये नवी वही मिळालेले मूल पाहावे. पहिली पाने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेली असतात. सहाव्या-सातव्या पानावर एखादी खाडाखोड होते, आणि तेथून अक्षर बिघडत जाते. खाडाखोडीने एकच ओळ खराब केलेली असते; बाकीची वही मूल स्वतः खराब करते.

थोरांचेही असेच आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एक लाडू खाल्ला जातो. बेसनाच्या लाडवात सुमारे २०० उष्मांक धरले आणि अंगावर एक किलो चरबी चढायला ढोबळ हिशेबाने ७,७०० उष्मांक लागतात हे ध्यानात घेतले, तर गरजेहून जास्त असे अडतीस-एकोणचाळीस लाडू पोटात गेल्यावाचून तो किलो वाढत नाही. म्हणजे एका लाडवाने देहाचे फारसे बिघडत नाही. पण मन म्हणते, 'मोडलाच ना नेम? मग चिवड्याने काय पाप केले आहे?' बुडत्याचा पाय खोलात जातो, तो असा.

१९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी हे प्रयोग करून पाहिले. वजनाच्या काळजीने जेवणाखाण्यावर ताबा ठेवणाऱ्या काहींना त्यांनी आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग पुढे हवे तेवढे आइस्क्रीम ठेवले. मिल्कशेक न प्यायलेल्या आपल्यासारख्याच इतरांपेक्षा त्यांनी आइस्क्रीम अधिक खाल्ले! उलट, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी २०१० साली सवयींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला अडीचशेच्या घरात लागतील असे दिसले. पण मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही.

मग एका चुकीने आपण एवढे का खचतो? याचे मूळ जिभेपेक्षा अहंकारात असावे. शरीर सुदृढ व्हावे याहून 'मी नेम न मोडणारा माणूस' ही स्वतःची तसबीर आपल्याला अधिक प्रिय असते. तिला तडा गेला, की कामातला रसच संपतो. आणि या रुसव्याला आपण पश्चात्ताप म्हणतो! खरा पश्चात्ताप माणसाला पुन्हा कामाकडे आणतो.

कोणी विचारील, स्वतःला अशी क्षमा करणे म्हणजे आळसाला मोकळे रान देणे नव्हे काय? पण क्षमा आणि सबब ओळखू येतात. सबब म्हणते, 'आता सोमवारपासून पाहू.' क्षमा म्हणते, 'आज संध्याकाळी चालून येऊ.'

अर्थात मन म्हणजे सर्वस्व नव्हे. कोणाला थायरॉइडचा विकार असतो, कोणाचे वजन औषधांमुळे वाढते, कोणाला दोन ठिकाणची नोकरी फिरायला वेळच ठेवत नाही. म्हणून दुसऱ्याच्या सुटलेल्या पोटावरून त्याच्या शीलाचा निवाडा करू नये. आणि स्वतःच्याही करू नये.

घरातल्या अडचणीमुळे एखाद्या आषाढीला वारी चुकली, म्हणून वारकरी गळ्यातली माळ काढून ठेवीत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा दिंडीत उभा असतो. त्याचा नेम पंढरीशी असतो, न चुकलेल्या वाऱ्यांच्या हिशेबाशी नव्हे. तेव्हा ताटातला लाडू आनंदाने खावा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पायात वहाणा घालून बाहेर पडावे.