तडजोड कुणाची, मर्यादा कुणाची?

रासायनिक कारखान्यांच्या नियंत्रणप्रणालीवरचा मजकूर गुरुग्राममध्ये बसून मराठीत आणताना दोन शब्द सतत लागतात : उद्दिष्ट आणि मर्यादा. उत्पादन वाढावं, वाफ आणि वीज कमी लागावी, माल एकसारखा निघावा ही उद्दिष्टं. ती एकमेकांच्या आड येतात, म्हणून प्रत्येकाला कमीजास्त वजन देतात आणि संगणक दर काही मिनिटांनी त्यांचा मेळ घालतो. मर्यादाही दोन तऱ्हेच्या. काही ओलांडायच्याच नाहीत. काही थोड्या ओलांडल्या तर हिशेबात तेवढा दंड धरायचा.

या व्यवहाराला मी ‘तडजोड’ म्हणते. शब्द बसतो, तरी खटकतो. तडजोडीला दोन्ही पक्ष समोर लागतात. इथे कुंपणापलीकडे राहणारा माणूस बैठकीला नसतोच.

शेजारच्या दिल्लीत ४ डिसेंबर १९८५ रोजी, भोपाळला नुकतंच वर्ष झालेलं असताना, श्रीरामच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. तिथला क्लोरीनचा विभाग पुन्हा सुरू करू द्यायचा का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका पारड्यात आजूबाजूची दाट वस्ती. दुसऱ्यात सुमारे ४,००० कामगारांची रोजी. शिवाय दिल्लीचं पिण्याचं पाणी शुद्ध करायला लागणारा क्लोरीनही इथूनच जाई. ज्याची भीती, त्याचीच गरज.

फेब्रुवारी १९८६ मध्ये सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने अटी घालून परवानगी दिली. हीसुद्धा तडजोडच. पण एक अट वेगळी होती : प्रत्येक सुरक्षासाधनासाठी एक यंत्रचालक व्यक्तिशः जबाबदार, आणि सगळ्यांसाठी विभागप्रमुख. हे दुसरं नाव महत्त्वाचं. नाहीतर वजनं ठरवणार वरचे आणि दोष यायचा पाळीवरच्या माणसावर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने आणखी पुढचं म्हटलं : धोकादायक उद्योगातून हानी झाली, तर ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ हा बचाव चालणार नाही.

तोलल्यावाचून कुठलाच कारखाना चालत नाही. कामगाराची रोजी आणि शेजाऱ्याचा श्वास यांत निवड करायला कुणालाच आवडणार नाही. तरी ती रोज होते, बहुधा आकड्यांच्या आडून. म्हणून वजन किती, याआधी ते कुणी ठरवलं आणि त्याचं घर वाऱ्याच्या कोणत्या दिशेला आहे, हे विचारायला हवं.

मराठीत मर्यादा नुसती आकड्याची नसते. ती कुणाची तरी राखायची असते. अनुवादात तो ‘कुणाची’ कुठेच लिहिलेला नसतो. कारखान्यात मात्र तो लिहिलेला असायला हवा.