फळाचा धनी कोण?

पाऊस वेळ चुकवू लागला, उन्हाळा सोसवेना. म्हणून झाडे राखा, असा उपदेश हल्ली जो तो करतो. आम्हीही कीर्तनात करतो. एकदा निरूपण आटोपल्यावर एका शेतकरी माळकऱ्याने विचारले, "महाराज, राखायचं आम्ही अन् तोडून नेणार दुसराच, मग राखावं कशापायी?" आम्ही त्याला निष्काम कर्म सांगितले. पण ते उत्तर आमचे आम्हालाच पटेना.

मीमांसाशास्त्रात अधिकार म्हणजे फलस्वाम्य. जो फळाचा धनी, त्यालाच विधी लागू. फळ एकाचे नि विधी दुसऱ्याला, तर ती वेठ झाली!

याचा प्रत्यय गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावी येतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्यान्वये २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. निर्णय सर्वसहमतीने, राखण गावाची, उत्पन्नही गावाचे. उभे रान हवेतला कर्बवायू शोषते, तो लाभ साऱ्या जगाला.

मग गीतेतला फलत्याग कुठे गेला? तो आहेच. पण त्याग हातातल्या वस्तूचा होतो. ज्याच्या हाती फळ दिलेच नाही, त्याला त्याग सांगणे हा उपदेश नव्हे, अन्याय होय. हवामानाची धोरणे आखणाऱ्यांनी हे आधी ध्यानी घ्यावे. आणि तो माळकरी पुन्हा भेटला, तर आम्ही प्रथम त्याची क्षमा मागू.