ग्रह आणि पूर्वग्रह

ताऱ्यासमोरून जाणारा ग्रह त्याचा थोडा प्रकाश काही तास अडवतो, आणि ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा होणारी ही घट मोजून न दिसणाऱ्या ग्रहाचे अस्तित्व व आकारमान ठरवता येते, हे अधिक्रमण पद्धतीचे मूळ तत्त्व होय. अधिक्रमण म्हणजे लहान दिसणाऱ्या गोलाचे मोठ्या बिंबावरून सरकत जाणे. बुधाचे अधिक्रमण पिएर गासांदी यांनी 1631 मध्येच पॅरिसहून पाहिले होते. तरीही परक्या ताऱ्यासमोरून ग्रह जाताना टिपला जाण्यास 1999 साल उजाडले. या विलंबाचे खापर उपकरणांवर फोडले जाते, पण ते अर्धेच खरे आहे.

1952 मध्ये ऑटो स्ट्रूव्ह यांनी एका छोट्या लेखात असे सुचवले की, गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी निकट राहून सुमारे एका दिवसात प्रदक्षिणा घालत असेल, तर त्याच्या ओढीने तारा मागेपुढे हललेला वर्णपटातून कळेल आणि ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असल्यास ताऱ्याचा सुमारे 2 टक्के प्रकाशही लोपेल. एवढी घट मोजणे तेव्हाच्या प्रकाशमापकांना शक्य होते. परंतु सूर्यमालेत गुरूला एका फेरीस सुमारे 12 वर्षे लागतात, तेव्हा महाकाय ग्रह ताऱ्यापासून दूरच असणार, असे गृहीत धरले गेले होते आणि जे असूच शकत नाही ते शोधण्यात कोणी रात्री घालवल्या नाहीत. 1995 मध्ये मिशेल मायोर व दिदिए केलो यांना 4.2 दिवसांत फिरणारा महाग्रह ताऱ्याच्या हालचालीवरून सापडला, तेव्हा ते गृहीतक कोसळले. चारच वर्षांनी एचडी 209458 या ताऱ्याच्या तेजात सुमारे दीड टक्का घट नोंदली गेली, आणि दोन स्वतंत्र गटांपैकी एकाची दुर्बीण तर अवघ्या 10 सेंटिमीटर व्यासाची होती.

पृथ्वीएवढ्या ग्रहाची गोष्ट वेगळी, कारण तो सूर्यासारख्या ताऱ्याचा जेमतेम 12,000वा भाग प्रकाश अडवतो आणि वातावरणातील लुकलुकीत ही घट हरवून जाते. येथे अडचण खरोखर उपकरणांची होती. विल्यम बोरुकी 1984 पासून यासाठी अवकाश दुर्बिणीचा आग्रह धरत होते. नासाने त्यांचा प्रस्ताव चारदा नाकारून 2001 मध्ये स्वीकारला आणि 2009 मध्ये केप्लर दुर्बीण अवकाशात गेली. पृथ्वीसारखी कक्षा दृष्टिरेषेत येण्याची शक्यता सुमारे दोनशेत एक असल्याने हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या परिसरातील सुमारे दीड लाख ताऱ्यांवर तिने एकाच वेळी नजर ठेवली. केप्लरच्या निरीक्षणांतून 2,600 हून अधिक ग्रह निश्चित झाले. त्यांत पृथ्वीहून मोठे पण नेपच्यूनहून लहान असे ग्रह विपुल आहेत, आणि त्या आकारमानाचा एकही ग्रह सूर्यमालेत नाही.