यंत्राचा पाळणा

एखादी वस्तु बदलत बदलत किती बदलली म्हणजे ती मूळची वस्तु राहत नाहीं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गांत दरवर्षीं विचारला जातो आणि दरवर्षीं अनिर्णीत राहतो. मी स्वतः तो जवळजवळ तीस वर्षें विचारीत आलों आहें. प्लूटार्कनें सांगितलेलें थीसिअसचें जहाज मीं फळ्यावर इतक्या वेळां काढलें आहे कीं, डोळे मिटूनहि तें मला काढतां येईल. अथेन्सच्या लोकांनीं त्या जहाजाची एकेक कुजकी फळी काढून तेथें नवी बसविली. मग तें जहाज तेंच कीं दुसरें? हॉब्जनें त्यांत आणखी एक पेंच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचें दुसरें जहाज बांधलें, तर दोहोंपैकीं खरें कोणतें? आपल्याकडेहि मिलिंद राजाला नागसेनानें रथासंबंधीं असेंच कोड्यांत टाकलें होतें. विद्यार्थी हें सारें ऐकून हंसतात, टिपणें घेतात आणि परीक्षेंत लिहून मोकळे होतात. या प्रश्नावर कोणाचें बरेंवाईट अवलंबून आहे असें मलाहि कधीं वाटलें नव्हतें. तें वाटण्याचा योग गेल्या उन्हाळ्यांत, अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, माझ्या भाच्याच्या मोटारघरांत आला.

भाचा व्यवसायानें यंत्रशास्त्रज्ञ. सुटीच्या दिवशीं मात्र तो एका जुन्या क्रीडा-मोटारीच्या पाठीमागें लागलेला असतो. ही 'फिएरो' नांवाची गाडी त्याच राज्यांत, पाँटिअ‍ॅक या गांवीं बनत असे. १९८४ ते १९८८ या पांच वर्षांच्या मालिकांत अशा सुमारें तीन लाख सत्तर हजार गाड्या निघाल्या आणि मग ती बंद झाली. दोनच माणसें बसण्याची, ठेंगणी, पोलादी सांगाड्यावर प्लास्टिकचीं अंगें चढविलेली अशी ही गाडी आहे. इंजिन पुढें नसून बसणाराच्या पाठीशीं असतें. रूप धावपटूचें, पण पहिल्या वर्षींचें इंजिन चार सिलिंडरांचें, अडीच लिटरांचें आणि अवघ्या ९२ अश्वशक्तीचें होतें. रूप आणि शक्ति यांतील ही तफावत पाहून अनेक हौशी लोकांना तींत मोठें इंजिन बसविण्याचा मोह होतो. भाच्यानें निवडलेलें इंजिन ब्यूइकच्या घराण्यांतलें, सहा सिलिंडरांचें, ३.८ लिटरांचें, आणि हवा दाबून आंत भरणाऱ्या सुपरचार्जरच्या बळावर २४० अश्वशक्ति देणारें होतें.

आतां जुन्या देहांत हा नवा प्राण घालावयाचा तो कसा? इंजिन, गिअरपेटी आणि मागल्या चाकांची जोडणी या गाडींत एका पोलादी चौकटीवर बसविलेली असते. तिला ते लोक 'क्रॅडल', म्हणजे पाळणा म्हणतात. ही चौकट गाडीच्या सांगाड्याला चार बोल्टांनीं धरलेली असते. बाकीच्या जोडण्या सोडविल्या कीं, गाडीचा मागचा भाग उचलून पाळणा इंजिनासकट खालून बाहेर ओढतां येतो. नव्या इंजिनासाठीं भाच्यानें नवा पाळणा स्वतःच्या हातानें घडविण्याचें ठरविलें. मी दोन महिने तेथें होतों. खुर्ची टाकून मी तें काम पाहत बसें आणि अधूनमधून टेपचें दुसरें टोंक धरीं.

माझी समजूत अशी कीं, प्रथम नवें इंजिन मधोमध ठेवून त्याच्याभोंवतीं चौकट बांधीत जावयाचें. पण प्रत्यक्षांत क्रम उलटा निघाला. भाच्यानें जुना पाळणा एका जड पोलादी मेजावर घट्ट बसविला. ज्या चार जागीं तो गाडीला धरला जातो आणि ज्या जागीं मागल्या चाकांचे बाहू त्याला जोडले जातात, तेथें तेथें मेजावरून खुंट्या उभ्या करून त्या पक्क्या केल्या. मग त्यानें जुना पाळणा उचलून बाजूला ठेवला. मेजावर नुसत्या खुंट्या राहिल्या. वस्तु गेली आणि तिचीं स्थानें तेवढीं उरलीं. "मामा," तो म्हणाला, "काय हलवायचं नाहीं तें आधीं ठरवायचं. मग बाकी सगळं हलवायला आपण मोकळे."

त्यानंतर तीन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पोलादी नळ्या कापून त्या खुंट्यांच्या आधारानें नवी चौकट उभी राहूं लागली. चाकांकडे शक्ति नेणारे दांडे फार तिरपे होतां उपयोगी नाहींत, म्हणून गिअरपेटीचें मुख चाकांच्या रेषेशीं शक्य तितकें जुळवावें लागतें. तेलाचें भांडें जमिनीपासून पुरेसें वर राहिलें पाहिजे. आणि इंजिन सुरू होतांना ज्या बाजूला झटका देतें त्या बाजूला तो झटका सोसणारी रबरी गादी पाहिजे. म्हणजे इंजिनाची जागा इंजिनाच्या मोठेपणावरून न ठरतां, ज्यांना त्याचा भार वाहावयाचा आहे त्यांच्या सोयीवरून ठरते.

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचें आयुष्य मोटारींच्या कारखान्यांत गेलें. ते एके सायंकाळीं डोकावून म्हणाले, "काम सुरेख आहे; पण ही आतां फिएरो राहिली नाहीं." माझें जहाज मला आठवलें! भाच्यानें वाद घातला नाहीं. त्यानें इतकेंच सांगितलें कीं, मूळ फिएरोचा मागला भाग तरी कोठें तिचा होता? शेव्हरोले कंपनीच्या 'सायटेशन' या साध्या घरगुती गाडीच्या पुढील भागांतली जोडणी उचलून ती या गाडीच्या मागें बसविलेली होती. पुढच्या चाकांना वळविणारे दांडे मागें आल्यावर वळूं नयेत म्हणून चौकटीला जखडून टाकले होते. आणि नव्या इंजिनाची कुळकथाहि तशीच. ब्यूइकनें हें सहा सिलिंडरांचें घराणें १९६२ सालच्या गाड्यांसाठीं काढलें, १९६७ सालीं त्याची यंत्रसामग्री दुसऱ्या कंपनीला विकली, आणि तेलाची टंचाई जाणवतांच १९७४ सालीं तीच परत विकत घेतली. ज्याला आपण 'मूळ' म्हणून पूजतों, तेंहि पूर्वीं कोणीतरी कापून, जुळवून आणि जखडून तयार केलेलें असतें.

हा युक्तिवाद ऐकून मी क्षणभर खूष झालों. पण घरीं येऊन विचार करतां त्यांतला धोका दिसूं लागला. मूळ म्हणून कांहींच पवित्र नसेल तर वाटेल तो फेरबदल योग्य ठरेल काय? पुष्कळ सुधारकांची येथेंच फसगत होते. परंपरा ही स्वतःच जोडाजोड आहे एवढें सिद्ध केलें कीं, आपली जोडाजोड आपोआप निर्दोष ठरली असें त्यांना वाटतें. पण तें तसें नाहीं. मूळ पवित्र नसेलहि, परंतु भार खरा असतो. गाडी वळणावर आली म्हणजे तिचा पाळणा कोणत्या कुळांतला हें रस्ता विचारीत नाहीं. तो टिकतो कीं नाहीं एवढेंच रस्ता पाहतो. कर्तव्य उगमापासून उत्पन्न होत नसेल, तर तें त्या भारापासून उत्पन्न होतें.

या कर्तव्याची जाणीव ठेवण्यासाठींच कायदा असतो. आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल करण्यास मालकाला मनाई करतें, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडकपणेंच लावला. हौशी तरुणांना हें जाचक वाटतें. पण प्रत्येकाच्या हातची सांधेजोड तपासणें सरकारला शक्य नसतें. म्हणून जें तपासतां येतें त्या मूळ नमुन्यालाच तें धरून राहतें. उलट मिशिगन राज्यांत खाजगी गाड्यांची ठराविक मुदतीनें सक्तीची तपासणी नाहीं. भाच्याच्या पाळण्याकडे पाहणारा अधिकारी कोणीच नव्हता. गाडीखालीं जाणारी ही चौकट पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडण्याचा संभवहि थोडाच होता. जेथें तपासणारा नाहीं तेथें नीतीचा प्रश्न खऱ्या अर्थानें सुरू होतो.

आणि तो सुरू झालाहि. सांधा वितळतो तेव्हां पोलाद फुगतें, आणि थंड होतांना आकसून भोंवतालच्या भागाला आपल्याकडे ओढतें. म्हणून आधीं नुसते टाके मारावयाचे, मग आळीपाळीनें दोन्ही बाजूंना थोडथोडा जोड भरावयाचा, आणि सर्व थंड होईपर्यंत चौकट खुंट्यांवरून काढावयाची नाहीं, असा दंडक आहे. शेवटचे कांहीं जोड भाच्यानें रात्रीं उशिरां, घाईनें, चौकट मेजावरून काढून भरले. सकाळीं पाहतों तों उजव्या बाजूचें मागील भोंक पांच मिलिमीटर सरकलेलें. एक मित्र मदतीला आला होता. त्यानें लगेच उपाय सांगितला कीं, भोंक कानशीनें थोडें लांबट करावें, जाड वॉशर घालावा, आणि मग चाकांची दिशा जुळवून घ्यावी; कोणाला कळणार आहे?

उपाय अगदींच अडाणीपणाचा नव्हता. गाडी उभी असतांना चाकें सरळ दिसलीं असतीं. भाचा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. सहा आठवड्यांचें काम त्याच्यासमोर पडलें होतें आणि त्याची रजा संपत आली होती. मग तो म्हणाला, "भोंक लांबवलं तर चूक जाणार नाहीं, ती फक्त दिसायची थांबेल. चाक खड्ड्यांत वरखालीं झालं कीं डावीकडचं एका तऱ्हेनं वळेल, उजवीकडचं दुसऱ्या तऱ्हेनं. मला तें ठाऊक असेल, मी सांभाळून चालवीन. पण उद्यां गाडी दुसऱ्या कोणाच्या हातांत असेल." एवढें बोलून त्यानें डोळ्यांवर चष्मा ओढला, ग्राइंडर उचलला आणि उजवी बाजू कापून काढली.

त्या ठिणग्या पाहतांना मला जें आठवलें तें वाचकांना सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. माझा धंदाहि इंजिनें बसविण्याचाच आहे. इंग्रजींत शिकलेला विचार मराठी मनांत बसविणें हेंच मी तीस वर्षें करीत आलों. जेथें भोंकें जुळलीं नाहींत तेथें मीं तीं लांबट केलीं. 'रिलिजन' म्हणजे धर्म असें मी शिकवीत असें, कारण तसें शिकविल्यानें अभ्यासक्रम पुढें सरकत असे. एकदां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, आमची आजी शेजारधर्म म्हणते, तो कोणत्या रिलिजनमध्यें बसतो?" वर्ग हंसला, मीहि हंसलों आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलों. तो प्रश्न म्हणजे सरकलेलें भोंक होतें. तो सांधा मी जाणून होतों, म्हणून स्वतः सांभाळून चालवीत असें; पण तीं मुलें तो विचार घेऊन पुढें कोठें गेलीं आणि कोणत्या वळणावर त्यांचें एक चाक एकीकडे व दुसरें दुसरीकडे वळलें, याचा हिशेब मीं कधीं ठेवला नाहीं.

असें वाटून मी जहाजाच्या प्रश्नाकडे पुन्हां वळतों. फळ्या मोजून त्याचें उत्तर मिळत नाहीं हें नागसेनाला ठाऊक होतें. मला वाटतें, वस्तु तीच राहिली असें म्हणण्यांत आपण वर्णन करीत नसतों, वचन देत असतों. अमुक जागा हलूं देणार नाहीं, बाकीच्या बदलीन, असें तें वचन असतें. यावर कोणी म्हणेल कीं, त्या जागा निवडणार कोण? वस्तुसंग्रहालयाचा रक्षक जुनें इंजिनच जपील. भाच्यानें चाकें आणि सांगाडा यांतील संबंध जपला. आक्षेप खरा आहे. निवड एकच एक नसते. म्हणूनच ती कापण्यापूर्वीं केली पाहिजे, आणि केल्यावर लपवितां कामा नये. भाच्यानें जुना पाळणा जुन्या इंजिनासह कोपऱ्यांत झांकून ठेवला आहे, आणि काय काढलें, काय घातलें, कोणता जोड दुसऱ्यांदा भरला, हें सर्व एका वहींत लिहिलें आहे. गाडी ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे ती वहीहि जाईल. हॉब्जच्या दोन जहाजांपैकीं खरें कोणतें, या प्रश्नाला त्या मोटारघरांत फारसें महत्त्व उरलें नव्हतें; दोन्हींविषयीं खोटें कांहीं सांगितलें जात नव्हतें.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशीं पाळणा वर चढला. उजवी बाजू पुन्हां खुंट्यांवर घट्ट बांधून, थोडी थोडी जोडून, रात्रभर मेजावरच थंड होऊं दिली होती. भाच्यानें चौथा बोल्ट माझ्या हातांत दिला. पान्याची गरज पडली नाहीं; तो बोटांनींच फिरत फिरत आंत गेला. जूनमध्यें माझा नवा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशीं मीं फळ्यावर जहाज काढलें नाहीं. 'धर्म' आणि 'रिलिजन' हे दोन शब्द शेजारीं शेजारीं लिहिले, आणि ते कोठें कोठें जुळत नाहींत तें मुलांना विचारूं लागलों. अभ्यासक्रम मागें पडला आहे.