‘काही नाही, टेन्शन आहे’



मे महिन्यात लोहाऱ्याचा रस्ता भर दुपारी ओस पडलेला असतो, आणि घरातली एखादी बाई पंखा बंद करायला सांगून पायांवर चादर ओढून घेते. सकाळी उठवत नाही, असे म्हणते. केस गळतात, कातडी कोरडी पडली आहे, आवाज बसल्यासारखा झाला आहे, जेवण पूर्वीइतकेच असून वजन मात्र वाढते आहे. ती दवाखान्यात जाते. तेथे तिला सांगतात, ‘‘काही नाही, टेन्शन आहे. आराम करा.’’ काही महिन्यांनी ती दुसऱ्या दवाखान्यात जाते आणि तेच वाक्य ऐकून, ताकदीची सुई घेऊन परत येते.

यवतमाळच्या उन्हाळ्यात चादर मागणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. तरीही घरातले लोक हसतात आणि विषय तेथेच संपतो. म्हणून या रविवारी आम्ही एक प्रश्न आपल्यासमोर ठेवीत आहोत. एखादा माणूस ‘मला त्रास होतो’ असे सांगतो, आणि तो त्रास आपल्या डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी त्याचे म्हणणे खरे मानायला आपण बांधील आहोत काय?

आजाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. शरीराचे काम किती वेगाने चालावे हे तिच्या रसावर ठरते. तो रस कमी पडला की सगळेच मंदावते : नाडी, पचन, विचार, बोलणे, पाळीचे चक्र. हे एका दिवसात होत नाही, महिनोन् महिने हळूहळू होत जाते. शिवाय प्रत्येक लक्षणाला दुसरे एखादे कारण तयारच असते. वजन वाढले म्हणजे खाणे वाढले असेल. विसरायला होते म्हणजे लक्ष नसेल. पाळी बिघडली म्हणजे वय झाले. आणि थकवा? जी बाई पहाटे पाणी भरते, दिवसभर कापूस वेचते किंवा एमआयडीसीतली पाळी करून येते आणि मग चूल पेटवते, तिने ‘मी थकले’ म्हटले तर त्यात कोणाला आजार दिसणार?

या आजाराचा इतिहासही बायकांच्या तक्रारींतूनच सुरू होतो. १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी पाच बायकांची हकीकत मांडली. त्यांचे चेहरे सुजलेले होते, बोलणे जड झाले होते, मन मंद झाले होते. तोवर अशा बायकांना आळशी किंवा भ्रमिष्ट ठरवणे सोपे होते. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचला. ती सुधारली, आणि पुढे तोच उपचार घेत १९१९ पर्यंत, म्हणजे आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या म्हणतात! आज तेच काम मोहरीपेक्षा थोडी मोठी एक गोळी करते. १९१२ साली जपानचे हाकारू हाशिमोतो यांनी चार बायकांच्या ग्रंथी तपासून जो विकार नोंदवला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच ग्रंथीवर उलटते. थायरॉईड कमी पडण्याचे ते एक फार मोठे कारण आहे.

पण आमच्या मनात घर करून राहिली ती १९४९ सालची हकीकत. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १४ रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. ही माणसे वेडी समजली गेली होती, काहींना तर वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते. खरा आजार थायरॉईडचा होता, आणि उपचार सुरू झाल्यावर त्यांतील बहुतेक जण सावरले. कल्पना करा, आपले डोके ठिकाणावर आहे असे सांगणारा माणूस जितका जास्त सांगतो तितका तो अधिकच वेडा ठरतो.

आपल्या देशात २०१३ साली आठ शहरांतील पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई आणि गोवाही होते. ५,३७६ प्रौढ माणसे तपासली, तेव्हा शंभरात सुमारे ११ जणांना थायरॉईड कमी असल्याचे आढळले. बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात जवळजवळ १६ होते, पुरुषांमध्ये ५. आणि त्या ११ पैकी तीन-चार जणांना आपल्याला हा आजार आहे हे ठाऊकच नव्हते. ही पाहणी शहरांतली, जेथे कोपऱ्या-कोपऱ्यावर लॅब आहे.

येथे डॉक्टरांवर तोंडसुख घेणे सोपे आहे, पण आम्हांला ते योग्य वाटत नाही. २०१७ साली ६७ देशांतील आकडे एकत्र करून एक अभ्यास झाला. त्यात भारतात एका रोग्याच्या वाट्याला डॉक्टरांची जेमतेम दोन मिनिटे येतात असे दिसले. बाहेर साठ माणसे रांगेत उभी असताना डॉक्टर सर्वांत संभाव्य गोष्ट धरून चालतात. आणि महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५४ बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे थकलेल्या बाईला आधी लोहाच्या गोळ्या देणे चूक नव्हेच. चूक पुढे होते. तीन महिने गोळ्या घेऊनही फरक पडला नाही, तर ‘मग दुसरे काय असेल?’ हा प्रश्न विचारला जायला हवा. त्याच्या जागी ‘टेन्शन’ येते.

टेन्शन हा शब्द आपल्या जिल्ह्यात फार स्वस्त झाला आहे. कर्ज, कापसाचा भाव, पावसाची ओढ, आणि इतक्या घरांतून उठलेल्या तिरड्या. येथे दुःख खरोखर आहे, म्हणूनच प्रत्येक दुखण्याचे खापर त्याच्यावर फोडता येते. मनाचा आजारही खराच असतो आणि त्यालाही उपचार लागतो. पण आमच्या पाहण्यात असे की, ‘टेन्शन आहे’ असे म्हणणारा क्वचितच पुढे विचारतो, ‘कशाचे? केव्हापासून? झोप येते का?’

इंग्लंडच्या तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ साली एक मुद्दा मांडला. माणसाचा पैसा किंवा जमीन हिरावून घेतली तर तो अन्याय आपल्याला लगेच कळतो. पण केवळ बाई आहे, गरीब आहे, कमी शिकलेली आहे म्हणून एखाद्याच्या शब्दाला कमी किंमत देणे हाही अन्यायच आहे. आपल्याला हे नवीन नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथे भाषण केले. पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे बोलायला बायका धजत नाहीत, म्हणून बाई डॉक्टर हवी, असे त्यांचे म्हणणे होते. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी, बावीस वर्षांच्या होण्याआधी, गेल्या. त्यांच्यानंतर हजारो बाया डॉक्टर झाल्या. आपल्या यवतमाळला १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. बोलण्याची सोय झाली खरी, ऐकण्याची किती झाली?

आणि ऐकणे दवाखान्यात सुरू होत नाही, ते घरात सुरू होते. ‘तुला काय धाड भरली आहे?’ असे म्हणणारा नवरा, ‘आम्ही पाच बाळंतपणे करून शेतात जात होतो’ म्हणणारी सासू, ‘आईचे नेहमीचेच’ म्हणणारा मुलगा. या सगळ्यांनी खोटे ठरवलेली बाई डॉक्टरसमोर बसते तेव्हा तिचा स्वतःवरचाच विश्वास उडालेला असतो. ती म्हणते, ‘‘तसे काही विशेष नाही, डॉक्टरसाहेब.’’ मग डॉक्टर तरी काय लिहिणार?

आता दुसरी बाजू. बाईचे सगळेच म्हणणे डॉक्टरांनी मान्य करावे काय? आम्हांला वाटते, येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. त्रास कसा आहे, किती आहे, हे तिच्याइतके कोणालाही माहीत नाही. त्याबाबत तिचा शब्द प्रमाण. त्रास कशामुळे आहे हे मात्र ती ठरवू शकत नाही, ते तपासणीनेच ठरते. टीएसएच नावाची रक्ततपासणी साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान आली, तर बहुधा तिचा त्रास थायरॉईडचा नाही, आणि हे तिने ऐकून घेतले पाहिजे. २०१७ साली युरोपात ७३७ वयस्कर माणसांवर एक मोठी चाचणी झाली. टीएसएच किंचित वाढलेल्या या माणसांना गोळी दिली, तरी त्यांच्या थकव्यात फरक पडला नाही. उगाच घेतलेल्या जास्त गोळीने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात. म्हणून शेजारणीची गोळी मागून घेणे हा उपाय नव्हे. पण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘थायरॉईड नॉर्मल आहे’ एवढाच होतो. ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असा तो होत नाही. रक्तक्षय, साखर, बी-१२, झोप, मन, यांची दारे अजून उघडायची असतात.

शुभवर्तमानातली बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई आपल्याला ठाऊक आहे. संत मार्क स्पष्टच सांगतात की, तिने पुष्कळ वैद्य केले, होते नव्हते ते खर्च केले आणि दुखणे वाढलेच. संत लूक, जे स्वतः वैद्य होते, तेच सांगताना बरेच सौम्य होतात. (आपल्या व्यवसायाची बाजू सांभाळली असावी!) पण आम्हांला वेगळेच दिसते. प्रभू त्या वेळी याईरच्या मरणासन्न मुलीकडे निघाला होता, म्हणजे घाई कोणत्याही डॉक्टरपेक्षा जास्त. बाई तर वस्त्राला शिवताच बरी झाली होती. तरी तो थांबला, आणि तिने गर्दीसमोर आपली सगळी हकीकत सांगून होईपर्यंत थांबून राहिला.

आता कामाचे. दवाखान्यात जाताना ‘मला थायरॉईड आहे’ अशी सुरुवात करू नये. डॉक्टर तेथेच अडतात. एक वही ठेवावी. त्रास केव्हा सुरू झाला, बाळंतपणानंतर का, दर महिन्याचे वजन, पाळीच्या तारखा, आई किंवा बहिणीला गलगंड किंवा थायरॉईड होता का, हे लिहावे. ‘फार थकवा येतो’ यापेक्षा ‘पूर्वी दोन हंडे एका दमात आणत होते, आता एका हंड्याला दोनदा थांबते’ हे डॉक्टरांना चटकन समजते. जुने रिपोर्ट फेकू नयेत. मग शांतपणे विचारावे, टीएसएच पाहिले आहे का, आणि ते ठीक असेल तर हे दुसऱ्या कशाने होऊ शकते? उत्तर मिळाले नाही तर दुसरे मत घ्यायला यवतमाळ आहे, सेवाग्राम आहे, सावंगी आहे. त्यात कोणाचा अपमान नाही.

गोळी सुरू झालीच तर ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या ते एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवावी. आपल्याकडे दोन्ही गोळ्या एकदम गिळल्या जातात आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ म्हणतात. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावे लागते. बरे वाटले म्हणून मनाने गोळी बंद करू नये. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

ज्यांना यवतमाळला जायला सोबत हवी असेल त्यांनी मिस्सानंतर आमच्यापैकी कोणालाही सांगावे. सोबत जाणाऱ्यांनी मात्र आत कमी बोलावे, आणि वही त्या बाईच्याच हातात राहू द्यावी.